कडुलिंबाला लागलेला पेरू

चहा जरा निवू द्या. मी सावकाश बोलणारा माणूस आहे. माझी गोष्ट संपेपर्यंत गरम चहा काही टिकत नाही. पण आज तुम्ही विषय काढलात, जग बदलून टाकणारी थोर माणसं कोण कोण होऊन गेली, आणि मला गप्प बसवेना. कारण मीही एक दिवस त्यांच्यातला होतो. हसू नका. सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत, मधे जेवणाची सुट्टीसुद्धा नाही. त्या सहा तासांत मी जो घोळ घातला तो कोल्हारातली जुनी माणसं अजून सांगतात. कधी कधी तर समोर मीच बसलोय हे न ओळखता मलाच सांगतात.

मोठा दुष्काळ पडला ना, त्याच्या आदल्या सालची गोष्ट. मी तेव्हा पाटावर पाटकरी होतो. कालव्याचं पाणी ज्याच्या त्याच्या पाळीला ज्याच्या त्याच्या रानात सोडायचं, एवढंच काम. बाकी दिवसभर पाण्याकडे बघत बसायचं. पाणी बोलत नाही, काठावरचे बगळे बोलत नाहीत, मग मी एकटाच काय बोलणार? शाळा चौथीपर्यंत झाली. तिथंही मास्तरांनी काही विचारलं की मी मनात उत्तर जुळवायचो, आणि ते जुळून होईतो मास्तर पुढच्या मुलाला विचारून पुढच्या धड्यावर गेलेले असायचे.

बायको घोडेगावची. कौसल्या तिचं नाव. माहेरचं घर गुरांच्या बाजाराच्या तोंडाशी. बैलांचे सौदे, हेड्यांची म्हणजे गुरांच्या दलालांची भांडणं, म्हशींचं हंबरणं, या सगळ्यावर आवाज चढवून बोलायची त्या घराला सवय. तिथं पाणी मागायचं तरी ओरडावं लागायचं. तिथून ती आली माझ्या घरात. तुम्हीच विचार करा.

ती मात्र बोलायची. मी नाही बोललो तर शेळीशी बोलायची, हंड्याशी बोलायची. चूल पेटत नसली की तिला म्हणायची, "पेट की गं बाई, मालक येत्याल आता." मला ते ऐकायला फार आवडायचं. फार म्हणजे फार. पण आवडतं हे तिला सांगायला पाहिजे, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. तीन वर्षांत नाही आलं.

मग एके दिवशी भाजीत मीठ नव्हतं.

मी जेवलो. म्हटलं, बिचारी दिवसभर राबते, विसरली असेल. बोलून कशाला तिचं मन दुखवायचं? दुसऱ्या दिवशीही मीठ नव्हतं. तेही जेवलो. तिसऱ्या दिवशी मात्र मी विचार केला. घरातलं मीठच संपलं असणार, मी आणून दिलं नाही, आणि ही भिडस्त, मागत नाही. उद्या बाजारातून मीठ आणायचं असं मी मनाशी पक्कं केलं आणि शेवटचा घास गिळला.

तिनं विचारलं, भाजी कशी झालीय? मी विचार करायला लागलो. खरं सांगावं तर तिला लागेल, खोटं सांगावं तर मला जमत नाही. माझं हे चाललंय तोवर ती उठून उभी राहिली.

"तीन दिस मीठ घातलं न्हाई मी. मुद्दाम," ती म्हणाली. "म्हनलं, आज बोलतील, उद्या बोलतील. चिडतील, ताट सारतील, कायबी करतील. तुमी गप गिळलं. मी हाय का न्हाई ओ ह्या घरात?"

आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती घोडेगावला गेली.

आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. रुसून गेलेली बायको आपणहून परत येत नाही, तिच्या माहेरची अब्रू जाते. नवऱ्यानं जायचं, सासऱ्याच्या ओसरीवर बसायचं आणि चार माणसांत तोंड उघडून म्हणायचं की पाठवा हिला. त्या चार माणसांनीच माझा घात केला. मी पाटावर बसून रोज वाक्यं जुळवायचो, बगळ्यांना म्हणून दाखवायचो. पहिलं वाक्य चांगलं जमलं की दुसरं बिघडायचं. असे दोन महिने गेले.

दोन महिने मी स्वतः स्वयंपाक केला. मीठ अगदी बरोबर पडायचं. जेवण मात्र जायचं नाही. एकदा लाकडं ओली होती, धुरानं डोळे चोळत बसलो होतो. आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी हळूच चुलीला म्हणालो, "पेट की गं बाई." आणि काय सांगू, चूल भप्पकन पेटली. त्या दिवशी मी भाकरीच थापली नाही. जाळाकडे बघत बसलो आणि तसाच पाटावर गेलो.

अशा वेळी शाळेतले इतिहासाचे मास्तर मला शोधत कालव्यावर आले.

मास्तर मोठे हौशी. शाळा तपासायला मोठे साहेब येणार होते, तर त्यांच्यासाठी बाजाराच्या दिवशी शाळेच्या पटांगणात जिवंत देखावा करायचा. नाव होतं 'जग बदलणारे थोर पुरुष'. पुतळे आणायला पैसे नव्हते म्हणून गावातली माणसंच पुतळ्यासारखी बसवायची. मला म्हणाले, "गेणू, तुला काही करायचं नाही. बोलायचं नाही, हलायचं नाही, नुसतं बसायचं. साऱ्या कोल्हारात हे तुझ्याइतकं कोणालाच जमणार नाही."

कोणी माझी एवढी स्तुती कधी केली नव्हती. मी मान हलवली.

माणसं मास्तरांनी नेमकी निवडली होती. किटलीतल्या वाफेकडे बघून ज्याला इंजिनाची युक्ती सुचली तो थोर पुरुष केला रामभाऊ हॉटेलवाल्याला, कारण किटली त्याची स्वतःची होती. देवीच्या रोगावर लस शोधून काढणारा केला दवाखान्यातल्या कंपाउंडरला, कारण सुई धरायचं वळण त्याच्याच हाताला होतं. आणि मी झालो झाडाखाली बसलेला तो शास्त्रज्ञ. झाडावरून फळ पडलं आणि त्यावरून ज्यानं ओळखलं की पृथ्वी सगळ्याला आपल्याकडे खेचून घेते. मास्तरांनी त्याचं नाव आठ दिवस माझ्याकडून घोकून घेतलं, पण ते माझ्या जिभेला वळलं नाही. बोलायचं नव्हतंच, म्हणून चालून गेलं.

फळ सफरचंद पाहिजे होतं. कोल्हारात सफरचंद कुठून येणार? ते नगरच्या दवाखान्यात आजारी माणसाच्या उशाशी बघितलेलं. मग मास्तरांनी एक मोठा पेरू घेतला, लाल दिसावा म्हणून त्याला कुंकू चोळलं, आणि पटांगणात एकच झाड होतं त्याला दोऱ्यानं टांगला. झाड कडुलिंबाचं. बँडवाल्यांचा पितळी बटणांचा लाल कोट मला चढवला. त्या माणसाचे म्हणे पांढरे कुरळे केस खांद्यापर्यंत होते, म्हणून घायपाताच्या वाखाचा टोप डोक्यावर बसवला. वाख किती खाजतो, ते दोर वळणाऱ्याला विचारा.

मास्तरांनी बजावून सांगितलं, साहेब चार वाजायच्या सुमाराला येतील. ते समोर आले की दोरा सुटेल, पेरू पडेल. तेव्हा तू वर बघायचं आणि एक बोट उचलायचं. मग शिट्टी होईल. शिट्टी होईपर्यंत पापणीसुद्धा हलवायची नाही. मी शब्द दिला.

सकाळी बाजार भरला आणि सगळा बाजार शाळेत लोटला. रामभाऊच्या पुढ्यात किटली बघून गिऱ्हाईक चहा मागायला लागलं. तो बिचारा थोर पुरुष, बोलता येईना. शेवटी त्यानं डोळ्यांनीच दोन कप ओतून दिले. कंपाउंडरकडे कोणी फिरकेना. त्या काळी टोचणाऱ्याची माणसं धास्ती घ्यायची. हातात सुई दिसली की बायका पोरं काखोटीला मारून माझ्या बाजूला पळायच्या. त्यामुळे सगळी गर्दी माझ्यापुढं.

आणि मी कसा बसलो होतो? झाडाखाली, मांडी घालून, लाल कोटात, डोक्याला जटा, वर कुंकू लावलेलं फळ. आमच्या माणसांपुढं असं काही बसलं तर ती काय करणार? एका आजीनं लांबूनच हात जोडले आणि मास्तरांना विचारलं, हा कोन देव हाय?

"आजी, देव नाही. शास्त्रज्ञ आहे," मास्तर म्हणाले.

"असू दे बाबा," आजी म्हणाली. "नवीन असंल." आणि तिनं माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं.

झालं. एकीनं लावलं की दुसरी लावणारच. दुपारपर्यंत माझ्यापुढं नारळ होते, हार होता, कोणी गुळाचा खडा ठेवला होता. एकीनं म्हैस आटल्याचं गाऱ्हाणं सांगितलं. एकीनं सुनेबद्दल असं काही सांगितलं की मला कान झाकून घ्यावेसे वाटले. नाकावर माशी बसली, मी हललो नाही. गुळाला मुंग्या लागल्या आणि गूळ संपवून माझ्याकडे आल्या, तरी हललो नाही. मास्तर लांबून डोळे पुसत होते, आनंदानं. खरं सांगू? मलाही बरं वाटत होतं. ज्या गप्प बसण्यापायी बायको गेली, त्याच गप्प बसण्याला लोक हात जोडत होते.

आणि गर्दीत मला अबोली रंगाचं लुगडं दिसलं.

कौसल्या. काखेत पिशवी. ती आमच्या घरी जाऊन आली होती. दाराला कडी बघून तिनं शेजारच्या काकूंना विचारलं, आणि काकूंनी सांगितलं होतं की गेणू थोर पुरुष झालाय, शाळेत बसलाय. मला बघून आधी तिनं तोंडावर पदर धरला. हसली ती. दोन महिन्यांनी मी तिला हसताना बघितलं. मग कुंकू लावायच्या निमित्तानं ती पुढं आली, अगदी जवळ वाकली आणि हळू आवाजात बोलायला लागली. तिचा हळू आवाज मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकला.

"कोल्हारच्या देवीला जाते म्हनून सांगून आलेय घरी," ती म्हणाली. "तुमी काय येत न्हाई, मला कळलं. मग मीच आले. लाज सोडून आले बगा. चारला राहुरीची गाडी हाय. एकच इचारते. ऱ्हाऊ, का मागारी जाऊ?"

मी बघत होतो. तिच्या कपाळावर घाम होता, वाऱ्यानं उडालेले केस त्याला चिकटले होते.

"बोलू नका. तुमाला न्हाईच जमायचं," ती म्हणाली. "मान हलवली तरी चालंल."

आता बघा माझं नशीब. दोन महिने ज्या क्षणासाठी बगळ्यांना भाषणं ऐकवली, तो क्षण चालत माझ्यापुढं आलेला. बोलायचीही अट नाही, नुसती मान. आणि त्याच वेळी फाटकातून साहेबांची जीप आत आली, आणि मास्तरांनी लांबून ओठावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. मी शब्द दिलेला. मी मनात हिशेब केला, आता साहेब येतील, पेरू पडेल, शिट्टी होईल, मग उठून सगळं नीट बोलू. तिला दिसतंच आहे की मी कामात आहे. पाच मिनिटं थांबेल की.

मी मान हलवली नाही. पापणीही नाही.

ती थांबली. मग म्हणाली, "बरं हाय." पिशवीतून कागदाची एक पुडी काढली आणि नारळांच्या शेजारी ठेवली. "मीठ हाय. तुमचं तुमी घाला." आणि वळली.

अबोली लुगडं गर्दीतून फाटकाकडे जात होतं आणि मी थोर पुरुष होऊन बसलो होतो. शेजारची आजी म्हणाली, मीठ वाहिलं गं पोरीनं, ह्याला मीठ चालतंय जनू. तशी दुसरी एक बाई मूठभर मीठ घेऊन पुढं आली. तेवढ्यात माझ्या डोळ्यातून पाणी आलं. ते थांबवायचं कसं हे मास्तरांनी शिकवलं नव्हतं.

"अगं बया, पाझर फुटला देवाला," आजी ओरडली.

गर्दी उसळली. कसलं नवल झालं बघायला साहेब पुढं सरकले. मास्तरांनी घाईत दोरा सोडला आणि तो लाल पेरू सरळ माझ्या टाळक्यात बसला. पेरू कच्चा होता. ठणका असा बसला म्हणून सांगू!

लोक म्हणतात, फळ पडल्यावर त्या मोठ्या माणसाला जगाचा एक नियम सुचला. मला एवढंच सुचलं, की चार वाजलेत.

मी मिठाची पुडी उचलली आणि पळत सुटलो. मागून मास्तर ओरडत होते, अजून शिट्टी नाही झाली. लोकांना वाटलं हे देखाव्यातलंच आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. रामभाऊला वाटलं सुट्टी झाली, तो किटलीसकट उठला. कंपाउंडरला वाटलं आग लागली, तो सुईसकट उठला. असे आम्ही तिघं थोर पुरुष, मी पुढं, ते दोघं मागं, नगर-मनमाड रस्त्यावरून धावत होतो.

गाडी हलली होती. ड्रायव्हरला आरशात काय दिसलं असेल ते असेल, त्यानं करकचून ब्रेक मारला. आतल्या लोकांनी मागच्या काचेतून कंपाउंडरची सुई बघितली आणि ओळखलं, गाडी अडवून टोचायला आलेत. दोन बाप्ये बाकाखाली शिरले. मी दार उघडून चढलो तर कंडक्टर हात जोडून म्हणाला, समद्यांना टोचलेलं हाय साहेब, पायजे तर दंडाच्या खुना बघा.

कौसल्या खिडकीशी बसली होती, तोंड बाहेर करून. चाळीसेक माणसं माझ्याकडे बघत होती. चार माणसांत बोलायची ज्याला भीती, त्याच्या वाट्याला चाळीस आली. दोन महिने घोकलेली वाक्यं आठवली का? एकही नाही. टोप कलंडलेला, कपाळावर गावभरचं कुंकू, धाप लागलेली. तोंड उघडलं आणि निघालं ते एवढंच.

"भाजीत मीठ नव्हतं."

ती वळली नाही. खिडकीबाहेर बघतच तिनं विचारलं, "कवा?"

"तिन्ही दिवस."

"मग बोलला का न्हाई?"

"तुला वाईट वाटलं असतं."

मग तिचे खांदे हलायला लागले. रडत होती की हसत होती, मला कळेना. पदरानं डोळे पुसले तरी कळेना. शेवटी कंडक्टरच म्हणाला, "उतरा बाई आता. ह्यो बाबा फुडलं वाक्य बोलंस्तवर माझी गाडी राहुरीला कवा पोचायची?"

ती उतरली. माझ्या हातातली मिठाची पुडी काढून घेतली, पिशवीत टाकली आणि घराकडे चालायला लागली. वाटभर बोलत होती. घोडेगावचं, भावजयीचं, कोणाच्या गाईला काय झालं त्याचं. काय काय बोलली ते मला आज आठवत नाही. तेव्हाही कळलं नव्हतं. मी नुसता आवाज ऐकत चाललो होतो.

शाळेचं म्हणाल तर साहेब खूश झाले. शेरा लिहून गेले की शोध लागताच शास्त्रज्ञ आनंदानं धावत सुटतो तो प्रसंग फारच उत्तम. मास्तर मला मागाहून म्हणाले, "गेणू, धावत सुटला तो वेगळा होता रे. तो न्हाणीतून उठून पळाला होता." पण हे त्यांनी साहेबांना काही सांगितलं नाही.

त्यानंतर कौसल्येनं कितीतरी वर्षं माझ्यासाठी स्वयंपाक केला. पहिला घास घेतला की ती माझ्याकडे बघायची, आणि मी म्हणायचो, बरोबर आहे. एवढं मी शिकलो होतो. एखाद्या दिवशी ती मुद्दाम मीठ विसरायची. मी म्हणालो, मीठ नाही, की तिला इतका आनंद व्हायचा, जसं काही मी तिला पाटल्या केल्या.

तिला जाऊन आता चार वर्षं झाली. शेळी नाही, चूल नाही. गॅस काडी लावताच पेटतो, त्याला कोणी काही म्हणायला लागत नाही.

मला डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, रक्तदाबासाठी. सूनबाई गुणाची आहे, माझी भाजी वेगळी काढते, अळणी. मी पहिला घास घेतो आणि मोठ्यानं म्हणतो, भाजीत मीठ नाही. ती स्वयंपाकघरातून सांगते, बाबा, डॉक्टरांनी नको सांगितलंय ना? मी मान हलवतो. तिला कसं सांगू की मी ते तिला म्हणत नाही? आणि सांगायचं झालं तर ते वाक्य जुळवायला मला दोन महिने तरी लागतील. दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो की मी परत म्हणतो. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. एक दिवस चुकत नाही.

परवा मुलगा घरी आला तर सूनबाई त्याला बाजूला घेऊन काळजीनं सांगत होती. मी ऐकलं. म्हणाली, "बाबांना एकदा दाखवून आणा बरं. आताशा फार बोलायला लागलेत."